‘गेट’चा अर्थ लावताना

सबटायटलं लिहायला लागले त्याच्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट. प्रसंग साधा होता. दारावरची बेल वाजते आणि नवरा आतून ओरडतो, ‘आयल गेट इट!’ मी लिहिलं, ‘मला ते मिळेल.’ तपासणाऱ्या बाईंनी शेजारी दोनच शब्द लिहून पाठवले, ‘काय मिळेल?’ तो बिचारा एवढंच म्हणत होता, ‘मी बघतो.’

तेव्हापासून ‘गेट’ (get) या इंग्रजी क्रियापदासाठी मी वेगळी वहीच केली. आधी त्यात अर्थांची यादी करत होते. मिळणे, आणणे, होणे, पोचणे, समजणे, पकडणे... चार पानं भरली आणि उपयोग शून्य. कारण वाक्य समोर आलं की यादीतला कितवा अर्थ उचलायचा हे यादी सांगत नाही. मग एक साधी सवय लावून घेतली, ती अजून टिकून आहे: ‘गेट’कडे बघायचंच नाही. त्याच्या उजवीकडे कोण उभं आहे ते बघायचं.

हे आपल्याला नवीन नाही. भूक लागते, दार लागतं, नोकरी लागते, ठेच लागते, डोळा लागतो, लवकर उठावं लागतं, आणि तो माझा मामा लागतो. ‘लागणे’चे अर्थ कुणी पाठ केले होते? शेजारचा शब्द कानावर पडला की काम झालं. ‘गेट’ला तसंच वागवा.

उजवीकडे वस्तू असेल तर काम सोपं. ‘आय गॉट अ लेटर’, पत्र आलं. ‘गेट मी अ चेअर’, खुर्ची आण. इथेसुद्धा ‘मिळणे’ला चिकटून बसू नका. पत्र येतं, सर्दी होते, विनोद कळतो, आणि इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी ‘गेट’ चालतं. जागा असेल तर पोचणे. ‘व्हेन डिड यू गेट होम?’, घरी कधी पोचलास? विशेषण असेल तर होणे किंवा त्या जातीचं मराठी क्रियापद. ‘इट्स गेटिंग डार्क’, अंधारून येतंय. ‘शी गॉट अँग्री’, ती चिडली. यावर जास्त वेळ घालवू नका.

खरी गंमत पुढे आहे. उजवीकडे वस्तू, आणि तिच्यामागे ‘कट’, ‘पेंटेड’, ‘फिक्स्ड’ असं भूतकाळी रूप. ‘आय कट माय हेअर’ म्हणजे कात्री माझ्या हातात होती. ‘आय गॉट माय हेअर कट’ म्हणजे कापून घेतले, कात्री दुसऱ्याच्या हातात. मराठीत ‘करणे’ आणि ‘करून घेणे’ हा भेद आपण झोपेतही करतो, त्यामुळे हे रूप आपल्याला अंगवळणी पडायला हवं. पण नेमका इथेच एक खड्डा आहे. ‘आय गॉट माय फिंगर कॉट इन द डोअर’. रचना तीच, तरी बोट दारात अडकवून घेण्याची हौस कुणाला असते? इथे ‘माझं बोट दारात सापडलं’. मुद्दाम करवलेलं की अंगावर आलेलं, हे व्याकरण सांगणार नाही. ते तुम्हीच ठरवायचं.

माणूस, मग ‘टू’, मग क्रियापद असेल तर मागे थोडी खटपट झालेली असते. ‘आय गॉट हिम टू साइन’ म्हणजे सही करायला लावली किंवा राजी केलं. ‘मेड हिम साइन’मधली जबरदस्ती यात नसते. ‘शी गॉट हिम टॉकिंग’ हे वाक्य मला एकदा अर्धा तास नडलं होतं. शेवटी सुचलं: तिनं त्याला बोलतं केलं. इतकं चपखल मराठी हाताशी असताना मी इंग्रजी शब्दकोश चाळत बसले होते.

नुसतं भूतकाळी रूप असेल तर काहीतरी घडलं, बहुधा कर्त्याच्या अंगावर आलं. ‘ही गॉट फायर्ड’, त्याला नोकरीवरून काढलं. इथे ‘वॉज’ही चालतं, पण फरक आहे. ‘द विंडो वॉज ब्रोकन’ म्हणजे खिडकी फुटली, किंवा आधीपासून फुटलेलीच होती, दोन्ही शक्य. ‘द विंडो गॉट ब्रोकन’ म्हणजे फुटलीच. ‘गॉट मॅरिड’, ‘गॉट ड्रेस्ड’ ही अर्थात अपघाताची उदाहरणं नव्हेत. आणि ‘ही गॉट लॉस्ट’ म्हणजे तो वाट चुकला, पण तोंडावर ‘गेट लॉस्ट!’ म्हटलं तर चालता हो.

आता सगळ्यात फसवी जोडी. ‘आय गॉट टू सी हर’ म्हणजे तिला भेटायला मिळालं. ‘आयव्ह गॉट टू सी हर’ म्हणजे तिला भेटायलाच हवं. एक झालेलं सुख, एक डोक्यावरचं काम. मधे फक्त तो ‘व्ह’ आहे, आणि भरभर बोलताना लोक तोही गिळतात. मी काळ दाखवणारा शब्द शोधते. ‘यस्टरडे’ असेल तर मिळालं, ‘टुनाइट’ असेल तर हवं. तसा शब्द नसेल तर आधीचं वाक्य पुन्हा ऐकायचं. अमेरिकन माणूस बोलत असेल तर थोडी सोय होते, कारण त्यांच्याकडे ‘गॉटन’ अजून वापरात आहे. ‘आयव्ह गॉट अ टिकिट’ म्हणजे तिकीट माझ्याकडे आहे, ‘आयव्ह गॉटन अ टिकिट’ म्हणजे ते मिळालं. ब्रिटनमध्ये ‘गॉटन’ जवळपास मागे पडलं आहे. ‘इल-गॉटन’, म्हणजे वाममार्गानं मिळवलेलं, या जोडशब्दात मात्र ते अजून टिकून आहे.

‘गेट’ला चिकटणारे छोटे शब्द (ओव्हर, बाय, थ्रू, अवे) सगळे पाठ करू नका. भेटतील तसे टिपा, आणि प्रत्येकापुढे आपल्या बोलण्यातलं वाक्य लिहा, कोशातलं नको. माझ्या वहीतले काही देते. ‘आय कुडन्ट गेट थ्रू’, फोन लागला नाही. ‘दे डोन्ट गेट अलाँग’, त्यांचं पटत नाही. ‘वी गेट बाय’, भागतं कसंबसं. ‘ही गॉट अवे विथ इट’, त्याला ते पचलं. ‘व्हॉट आर यू गेटिंग ॲट?’, तुझा रोख कुठे आहे? ‘आय फायनली गॉट अराउंड टू इट’, अखेर मुहूर्त लागला. आणि माझं लाडकं, ‘हर वर्ड्स गॉट टू मी’: तिचे शब्द मला लागले. बघा, ‘लागणे’ परत हजर.

चढण्या-उतरण्याचा गोंधळ बराच होतो, म्हणून एक ढोबळ खूण सांगते. ज्यात उभं राहून चालता येतं, त्यात ‘गेट ऑन’: बस, रेल्वे, विमान. ज्यात वाकून बसावं लागतं, त्यात ‘गेट इन’: कार. उतरताना अनुक्रमे ‘ऑफ’ आणि ‘आउट ऑफ’. घोड्यावर चालता येत नाही, तरी तिथे ‘ऑन’च. सायकललाही तसंच.

शब्दाचं मूळ ठाऊक असलं की थोडी मदत होते. ‘गेट’ इंग्रजीत आला तो स्कॅन्डिनेव्हियातल्या लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘गेटा’वरून, आणि मूळ कल्पना हाती येण्याची. ‘फरगेट’ त्याच कुळातला: हाती होतं ते निसटलं. म्हणून ‘आय डोन्ट गेट इट’ला मी ‘डोक्यात शिरत नाही’ म्हणते, कारण तिथेही काहीतरी हाताला लागत नसतंच.

लिहिताना ‘गेट’ टाळा, असा सल्ला शाळेत मिळतो. मला तो अर्धाच पटतो. अर्जात ‘रिसीव्ह’ शोभतं. पण तहानलेल्या मित्रानं ‘कॅन यू ऑब्टेन सम वॉटर फॉर मी?’ म्हटलं, तर ते ‘मजसाठी जल उपलब्ध करावे’ इतकं विनोदी वाटतं.

सराव करायचा असेल तर कुठल्याही संवादाचं एक पान घ्या, त्यातले सगळे ‘गेट’ अधोरेखित करा आणि पान मराठीत करा. अट एकच, ‘मिळणे’ फक्त एकदा वापरायचं. पहिल्या दिवशी घाम फुटतो.

तरी काही ठिकाणी उजवीकडे बघूनही भागत नाही. मागे एकदा चित्राशिवाय नुसता संवादांचा कागद हाती आला. त्यात एक ओळ, ‘यू गॉट मी.’ चोर म्हणत असेल तर ‘सापडलो बुवा’. कोड्याला उत्तर सुचत नसेल तर ‘कोण जाणे’. रडणाऱ्या मैत्रिणीला कुणी म्हणत असेल तर ‘मी आहे ना’. मी तिन्ही लिहिली, ओळीपुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि कागद परत पाठवून चित्र मागवलं. चित्रात दोन मुलं लपाछपी खेळत होती.