कांस्याचा बिबट्या चिंचेने घासू नये

तांब्यापितळेची भांडी चिंचेने किंवा लिंबाने लखलखीत करण्याची सवय आपल्या हाताला इतकी जडली आहे की, दिवाणखान्यातील कांस्यशिल्प काळवंडलेले दिसताच चिंचेचा कोळ भिजत पडतो. सर्वांत महागात पडणारी चूक ती हीच. शिल्पावरचा तपकिरी किंवा हिरवट थर म्हणजे मळ नव्हे. ओतकामानंतर धातू तापवून, त्यावर रसायने लावून शिल्पकाराने मुद्दाम आणलेला तो रंग, म्हणजेच पॅटिना, असतो. अंत्वान-लुई बारी (१७९५–१८७५) या फ्रेंच शिल्पकाराने पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात बसून वाघ-सिंहांची रेखाटने केली, आणि त्याच्या शिल्पांची ख्याती जितकी अचूक शरीररचनेसाठी, तितकीच या रंगासाठीही आहे.

आमच्याकडच्या बिबट्यावर एका दिवाळीत हा प्रयोग झाला. खांद्याचा उंचवटा आणि नाकाचा शेंडा पितळेसारखा चमकू लागला, बरगड्यांमधले खळगे काळेच राहिले, आणि दबा धरून बसलेले जनावर ठिगळे लावल्यासारखे दिसू लागले. उडालेला पॅटिना घरी परत आणता येत नाही. ते काम जाणकार ओतकाऱ्याकडेच द्यावे.

हिरवा रंग दिसताच घाबरणे हीदेखील चूकच, कारण घट्ट बसलेला आणि बोटाला न लागणारा हिरवा थर निरुपद्रवी असतो. काळजी करावी ती फिकट हिरव्या, भुकटीसारख्या आणि पुसल्यावर पुन्हा उगवणाऱ्या ठिपक्यांची. खाऱ्या हवेतील किंवा घामातील क्लोराइड दमट हवेत धातूला आतून पोखरत असल्याची ती खूण असते. शंका असल्यास शिल्पाखाली काळा कागद पसरावा. काही दिवसांत त्यावर ताजी हिरवी पूड पडली, तर शिल्प सिलिका जेलच्या (ओलावा शोषणाऱ्या) पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून संवर्धकाला दाखवावे. धातूच्या या पोखरण्याला ‘कांस्यरोग’ म्हणत असले, तरी तो शेजारच्या समईला लागत नाही. अशा ठिपक्यांवर तेल किंवा लाखेचे पॉलिश चढवल्यास दोष झाकला जातो, थांबत नाही.

एरवी कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडणे आणि वर्षातून एकदा मेणाचा अगदी पातळ हात देणे पुरते. केसांच्या रेषांत पांढरे मेण साचलेले दिसले, तर ते जास्त लागले आहे, असे समजावे.

शिल्प उचलताना शेपूट किंवा कान धरू नयेत. हे भाग अनेकदा वेगळे ओतून नंतर जोडलेले असतात.