समलिंगी आणि उभयलिंगी विद्यार्थ्यांना शाळेने आधार कसा द्यावा

माध्यमिक शाळेच्या कोणत्याही वर्गात एखादा समलिंगी किंवा उभयलिंगी (म्हणजे मुलगे आणि मुली दोघांबद्दल आकर्षण वाटणारा) विद्यार्थी बसलेला असू शकतो, असे गृहीत धरूनच शिक्षकाने बोलावे. तो कोण, हे ओळखण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. चालण्याबोलण्यावरून बांधलेले अंदाज पुष्कळदा चुकतात. अंदाज बरोबर निघाला, तरी मुलाने स्वतः सांगण्याआधी दुसऱ्या कोणी ते बोलून दाखवणे ही त्याच्यावर केलेली जबरदस्तीच असते.

सुरुवात शिक्षकाने स्वतःच्या माहितीपासून करावी. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी, नवतेज सिंग जोहर खटल्याच्या निकालात, सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे समलैंगिक संबंध तत्कालीन भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर काढले. समता आणि व्यक्तिस्वातंत्र्य शिकवताना या निकालाचे उदाहरण सहज देता येते, आणि वर्गातल्या एखाद्या गप्प बसलेल्या मुलाला त्यातून कळते की या विषयावर या शिक्षकाशी बोलता येईल.

रोजच्या व्यवहारात सर्वांत जास्त फरक पडतो तो शब्दांमुळे. 'बायल्या', 'छक्का' हे शब्द मधल्या सुट्टीत इतके सर्रास वापरले जातात की ते कोणाच्या कानाला खटकेनासे होतात, आणि 'मुलीसारखा लाजतोस काय' हे तर मैदानावर शिक्षकांच्याच तोंडून ऐकू येते. जातिवाचक शिवी ऐकल्यावर शिक्षक जसा शिकवणे थांबवतो, तसेच येथेही थांबवावे. 'हा शब्द या वर्गात चालणार नाही' एवढे एक वाक्य त्या क्षणी पुरते. बोलणाऱ्याला नंतर बाजूला घेऊन कारण समजावावे. ज्याला चिडवले, त्याला सर्वांसमोर 'तू तसा आहेस का?' असे विचारू नये. 'तो तसा नाही रे' म्हणून त्याची बाजू घेणेही टाळावे, कारण तसे असणे लाजिरवाणे आहे, हाच अर्थ वर्ग त्यातून घेतो. स्वच्छतागृह, शाळेची बस, सहलीचा मुक्काम आणि वर्गाचा व्हॉट्सॲप गट या ठिकाणी त्रास अधिक होतो, म्हणून लक्ष तेथे ठेवावे.

एखादा विद्यार्थी आपण होऊन सांगायला आला, तर आधी ऐकावे. 'सांगितलेस ते बरे केलेस' एवढे म्हणावे. 'या वयात असे वाटतेच, पुढे जाईल' असे म्हणू नये आणि खासगी तपशीलही खोदून विचारू नये. कोणत्या गोष्टी आपल्याला स्वतःजवळ ठेवता येणार नाहीत, हे मात्र सुरुवातीलाच प्रामाणिकपणे सांगावे. लैंगिक कल सांगणे हा गुन्हा नाही आणि त्याची नोंद कोठेही करावी लागत नाही. पण अठरा वर्षांखालील मुलाबाबत लैंगिक गुन्हा घडल्याचे कळल्यास २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि स्वतःला इजा करण्याचा विचार कोणी बोलून दाखवला तर तेही दडवून ठेवता येत नाही.

घरी कळवायचे की नाही, हा यातला सर्वांत नाजूक निर्णय आहे आणि बहुतेक घोळ येथेच होतात. पालकांना सगळे कळवणे आपले कर्तव्य आहे, अशा समजुतीने शिक्षक फोन करतात, आणि त्यानंतर त्या मुलाची मारहाण, शाळा सुटणे, घाईने लग्न किंवा एखाद्या बुवाकडची फेरी सुरू होऊ शकते. म्हणून विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय त्याचा कल घरी सांगू नये, आणि अन्य शिक्षकांनाही सांगू नये. शिक्षकखोलीतून बातमी गावभर जायला वेळ लागत नाही. घरी कोणाचा स्वभाव कसा आहे, सांगायचेच झाले तर आधी आई की मावशी की मोठी बहीण, याचा अंदाज त्या मुलालाच असतो, तेव्हा ठरवू त्यालाच द्यावे. जिवाला धोका असेल तर पालकांना तत्काळ बोलवावेच. पण मूल संकटात आहे हे सांगणे वेगळे आणि त्यामागचे कारण उघड करणे वेगळे, हे भान तेव्हाही ठेवता येते.

दोन मुली हातात हात घालून बसल्या किंवा एकाच्या वहीत दुसऱ्या मुलासाठी लिहिलेली चिठ्ठी सापडली, म्हणून चौकशी मांडू नये. शिस्तीचा नियम मुलगा-मुलगी जोडीला जसा लागू होतो तेवढाच येथे लागू करावा, आणि चिठ्ठी वर्गात वाचून दाखवणे कोणाच्याच बाबतीत माफ करण्याजोगे नाही. शिक्षणहक्क कायद्याचे कलम १७ मानसिक छळालाही मनाई करते.

समुपदेशकाकडे पाठवण्याआधी मुख्याध्यापकांनी त्यांना एकच प्रश्न विचारावा: हा कल बदलता येतो असे तुम्ही मानता का? उत्तर 'हो' असेल तर दुसरा समुपदेशक शोधावा. कल बदलण्याचे तथाकथित उपचार हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरते, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आणि चाइल्डलाइन १०९८ वर मिळते. हे क्रमांक सूचनाफलकावर इतर सूचनांमध्येच लावावेत, म्हणजे ते वाचत उभ्या असलेल्या मुलाकडे कोणाचे लक्ष जाणार नाही. मुंबईतील हमसफर ट्रस्ट ही संस्था या क्षेत्रात दीर्घकाळ काम करत आली आहे आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी तिच्याकडे विचारणा करता येईल.

शाळेत तक्रारपेटी आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असेल, तर अशा छळाची तक्रारही तेथे घेतली जाईल, हे प्रार्थनेच्या वेळी सर्वांना सांगावे. पालकसभेत हा विषय स्वतंत्रपणे मांडण्याऐवजी दादागिरी आणि चिडवाचिडवी या व्यापक विषयात घ्यावा. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२१ च्या आदेशात पालक-शिक्षक संघांमार्फत पालकांना अशा विद्यार्थ्यांच्या प्रश्नांची जाणीव करून देण्यास सांगितले होते, आणि त्या आदेशाची प्रत मुख्याध्यापकांनी हाताशी ठेवल्यास हरकत घेणाऱ्या पालकांशी बोलणे सोपे जाते.