जनरेट केलेल्या क्लायंटमधली लांबलचक नावं

आमचा सर्व्हर फास्टएपीआय या पायथन फ्रेमवर्कवर. त्यातून आपोआप निघणाऱ्या ओपनएपीआयच्या जेसनवरून (एपीआयचं वर्णन असलेली फाइल) फ्रंटएंडसाठी टाइपस्क्रिप्ट क्लायंट, म्हणजे सर्व्हरला कॉल करणारा तयार कोड, जनरेट करायचो. हाताने लिहिलेले फेच कॉल गेले, बरं वाटलं. पण फंक्शनचं नाव आलं ‘गेट ऑर्डर्स एपीआय व्ही-वन ऑर्डर्स गेट’! नाव की मालगाडी?

मी एका संध्याकाळी पाथमधलं (यूआरएलमधल्या पत्त्यातलं) व्ही-वन बदलून व्ही-टू केलं आणि फ्रंटएंडचं बिल्ड धाडकन आडवं झालं. मी उगाच जनरेटरला शिव्या घालत बसलो. दोष त्याचा नव्हता. जनरेटर क्लायंटमधली नावं ठेवतो ती ऑपरेशन आयडीवरून, आणि फास्टएपीआय तो आयडी बनवताना सर्व्हरवरच्या फंक्शनचं नाव, पाथ आणि मेथड (गेट, पोस्ट वगैरे) हे तिन्ही जोडतं. पाथ हलला की नाव हललंच.

उपाय तीन ओळींचा: अ‍ॅप बनवताना ‘जनरेट युनिक आयडी फंक्शन’ला स्वतःचं फंक्शन दिलं, जे राउटचा (एपीआयमधल्या एका पत्त्याचा) पहिला टॅग, म्हणजे गटाचं लेबल, आणि नाव एवढंच परत करतं. लगेच सर्व्हर सुरूच होईना, इंडेक्स एरर! सर्व्हर चालू आहे का ते सांगणाऱ्या हेल्थ चेकच्या राउटला टॅगच नव्हता, मग पहिला कुठून मिळणार? तो दिला, गाडी रुळावर.

आता सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या तपासणीत) क्लायंट पुन्हा जनरेट होतो. कमिट केलेल्या फाइलींशी फरक निघाला तर बिल्ड लाल. पहिल्याच आठवड्यात त्यात मीच सापडलो.