जुन्या नभोवाणी मालिकेचा इतिहास श्रोत्यांकडून कसा मिळवावा

मुंबई आकाशवाणीवरच्या ‘पुन्हा प्रपंच’सारख्या विनोदी मालिकेचा इतिहास लिहायचा असेल, तर आरंभ ठाण्यातील नौपाड्याच्या ज्येष्ठ श्रोत्यांपासून करावा, कारण बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी आणि नीलम प्रभूंच्या मीनावहिनी ही त्यातली पात्रे ज्यांनी कान देऊन ऐकली, ती पिढी आता थकत चालली आहे आणि हे काम खरोखरच लांबणीवर टाकण्याजोगे नाही. मालिका किती वाजता लागायची, असे थेट विचारू नये. त्या वेळी स्टोव्हवर काय शिजत असे, शेजारचे कोण दारात येऊन बसत असे, असे विचारावे, म्हणजे वेळ आपोआप सापडते. आजींना मध्येच दुरुस्त करू नये.

सांगितलेली साले मात्र पडताळलीच पाहिजेत. त्यासाठी १८९३ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जुन्या नियतकालिकांची चौकशी करावी.

घरात ध्वनिमुद्रित कॅसेट निघाली, तर ती लगेच वाजवू नये. फीत सैल असल्यास दातेरी चक्रात पेन्सिल घालून ती हलक्या हाताने ताणून घ्यावी. फितीवर बुरशीचे पांढुरके ठिपके दिसल्यास मात्र ती जाणकाराच्याच हाती द्यावी.