जुन्या थडग्यांवरून परिसराचा इतिहास कसा वाचावा

दफनभूमीत शिरल्यावर सगळ्यात भव्य थडग्याकडे धावू नका. आधी तिथल्या व्यवस्थापनाची परवानगी घ्या, रांगांचा कच्चा नकाशा काढा आणि प्रत्येक थडग्याला क्रमांक द्या. खरी माहिती शेजारच्या थडग्यांशी ताडून पाहिल्यावर मिळते. एकाच वर्षाच्या तारखा दाटीने दिसल्या, तर साथीचा किंवा युद्धाचा माग काढा. १९१८-१९च्या इन्फ्लुएन्झात विशी-तिशीतली माणसं फार गेली, म्हणून वयही टिपाच.

अक्षरं पुसट असतील तर दगड घासू नका. तारेच्या ब्रशने आणि ब्लीचने दगडाचा वरचा थर जातो, त्याबरोबर अक्षरंही. खडू किंवा पीठ चोळणंही टाळा. आरशाने ऊन एका बाजूने अगदी तिरपं पाडा. खोदलेल्या रेषांत सावली भरते आणि लेख उठून दिसतो. वेगवेगळ्या बाजूंनी प्रकाश टाकून तीन-चार फोटो घ्या. मजकूर आहे तसाच, ओळीला ओळ उतरवा, चुकांसकट. न लागलेलं अक्षर अंदाजाने भरू नका, चौकटी कंसात रिकामी जागा सोडा.

सर्वाधिक चुका तारखांत होतात. हिजरी सनाला ०.९७ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन साधारण मिळतो: हिजरी १२०० म्हणजे १७८५-८६. नुसते ६२२ मिळवलेत तर छत्तीस वर्षं चुकतील, कारण चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असतं. इंग्लंडमध्ये १७५२पूर्वी वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून जुन्या इंग्रजी थडग्यावरचा फेब्रुवारी १७३१ हा आपल्या हिशेबाने १७३२ असू शकतो. काही दगडांवर दोन्ही आकडे कोरलेले असतात. लॅटिन लेखात ‘चाळिसाव्या वर्षी’ असेल तर पुरी झालेली वर्षं बहुधा एकोणचाळीसच.

मृत्यूची तारीख म्हणजे दगड बसवल्याची तारीख, असंही धरू नका. कुटुंबाने तो वीस वर्षांनीही उभारलेला असतो. अक्षरांचं वळण शेजारच्या दगडांशी ताडून पाहा. तळाशी, गवताआड, पाथरवटाचं नाव सापडतं. त्या भागात न मिळणारा दगड दिसला तर तो कुठून, कोणत्या वाटेने आला ते शोधा. व्यापाराचा धागा हाती लागतो. लेखाची भाषा कोणत्या दशकात बदलली, हेही पाहण्याजोगं.

मोजदाद करताना एक भान मात्र हवंच. गरिबांच्या लाकडी खुणा कुजून गेल्या, तान्ह्या मुलांना बरेचदा दगडच मिळाला नाही. थडग्यांवरून लोकसंख्येचे आकडे काढण्याआधी दफननोंदवही मागा आणि तिच्यातली किती नावं दगडावर नाहीत ते मोजा.