थायरॉइडची नवी गोळी ‘लावून बघताय’? मग या चुका टाळा

गोव्यात थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली नसलेलं घर शोधावंच लागेल. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत गोव्याचाही समावेश होता. तिथे सरासरी ११ टक्क्यांच्या आसपास प्रौढांना मंद थायरॉइड आढळला. यातल्या बहुतेकांचं साध्या लिव्होथायरॉक्सिनवर, म्हणजे टी४वर, व्यवस्थित भागतं. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं मेंदूतल्या ग्रंथीचं हार्मोन, थायरॉइड मंद असला की हे वाढतं) जागेवर येऊनही ज्यांचा थकवा, सुस्ती, केसगळती हटत नाही, ते नव्याच्या शोधात निघतात. कुणी टी३ची, म्हणजे थायरॉइडच्या दुसऱ्या, जास्त जोरकस हार्मोनची, जोड मागतं, कुणी दुसऱ्या कंपनीची गोळी घेतं, कुणी प्राण्यांच्या ग्रंथीपासून बनवलेल्या गोळ्या मागवतं, कुणी औषधचाचणीत नाव घालतं. शोधण्यात गैर काही नाही. पण चार गोष्टी एकदम बदलायच्या, तीन आठवड्यांत रक्त द्यायचं आणि ‘मला हे मानवत नाही’ म्हणून मोकळं व्हायचं, याला औषध तपासणं म्हणत नाहीत.

घाईने रक्त देणं

सर्वांत जास्त वेळा होणारी आणि सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच. टी४चं अर्धायुष्य, म्हणजे शरीरातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ, सुमारे सात दिवसांचं असतं. मात्रा बदलल्यावर रक्तातली पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे लागतात आणि टीएसएच तिच्याही मागून रेंगाळत येतं. म्हणून सहा ते आठ आठवडे थांबायचं. तिसऱ्या आठवड्यातला टीएसएच जुन्या मात्रेची अर्धी आणि नव्याची अर्धी गोष्ट सांगतो. तो बघून मात्रा वाढवली, पुढे पुन्हा घाईने रक्त दिलं आणि कमी केली, तर वर्षभर झोके घेत राहाल. शेवटी बिचारी गोळी बदनाम होते.

टी३ घेणाऱ्यांचं गणित आणखी वेगळं. ती गोळी घेतल्यावर दोन ते चार तासांत रक्तातलं टी३ शिखर गाठतं आणि मग उतरतं. सकाळी सातला गोळी, साडेनऊला म्हापशाच्या लॅबमध्ये रक्त, संध्याकाळी फोनवर लाल अक्षरांतला रिपोर्ट. टी३ वाढलेलं बघून घरच्यांचा जीव घाबरा होतो आणि मात्रा निम्मी केली जाते. प्रत्यक्षात तो आकडा फक्त गोळी पोटात गेली एवढंच सांगत असतो. रक्त सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचं. गोळी पर्समध्ये न्यायची, सुई निघाली की घ्यायची. शिवाय दर वेळी तीच लॅब आणि तीच वेळ, कारण टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त असतं, दुपारकडे उतरतं. सकाळी आठच्या आकड्याची दुपारी तीनच्या आकड्याशी तुलना करून निष्कर्ष काढू नका.

या घाईला नावाजलेले अभ्यासही अपवाद नाहीत. १९९९ साली लिथुआनियातल्या ३३ रुग्णांवरचा एक अभ्यास गाजला. रोजच्या टी४मधले ५० मायक्रोग्रॅम काढून त्याजागी १२.५ मायक्रोग्रॅम टी३ दिलं, आणि रुग्णांची मनःस्थिती आणि स्मरणशक्ती सुधारल्याचं दिसलं. टी३चा सगळा गवगवा तिथून सुरू झाला. पण प्रत्येक औषधाला दिलेला वेळ होता जेमतेम पाच आठवडे. पुढे अशाच अकरा चाचण्यांतल्या १,२१६ जणांची आकडेवारी २००६ साली एकत्र मांडली, तेव्हा थकवा, अंगदुखी, नैराश्य, वजन यांपैकी कशातच जोडीचा सरस फायदा दिसला नाही. तरीही काही रुग्णांना जोडगोळी मनापासून आवडते हे खरं. म्हणूनच ती लावायची असेल तर नीट लावा.

परदेशातून आलेली गोळी वरून टाकणं

इंग्लंडात स्विंडनला असलेला भाऊ किंवा बोटीवरचा नवरा सुट्टीवर येताना टी३ आणतो. २० मायक्रोग्रॅमची गोळी इवलीशी दिसते, म्हणून चालू १०० मायक्रोग्रॅम टी४वर ती सरळ ‘जोडली’ जाते. टी३ वजनाला वजन साधारण तिप्पट जोरकस आहे. म्हणजे तुम्ही एका रात्रीत १०० वरून १६० वर गेलात. मग धडधड, घाम, हात थरथरणं, झोप उडणं सुरू होतं. काही जणांना तर पहिले पाच दिवस ‘वा, काय उत्साह आलाय’ असंही वाटतं, आणि तेच जास्त धोक्याचं.

युरोपियन थायरॉइड असोसिएशनने २०१२ साली दिलेला हिशेब सोपा आहे. चालू टी४ला २० ने भागा, ते झालं टी३. त्याच्या तिप्पट टी४मधून वजा करा. १०० असेल तर टी३ ५ आणि टी४ ८५. आपल्याकडे ८८ची गोळी मिळते, ती चालते. टी३ दिवसातून दोन वेळा विभागून घ्यायचं. एवढ्याशा मात्रेसाठी २०ची गोळी सुरीने चार तुकडे करण्यापेक्षा डॉक्टरांना कमी ताकदीच्या गोळीबद्दल विचारा, तुकडे कधीच सारखे पडत नाहीत. टी३ घेताना रिपोर्टमधलं ‘फ्री टी४’, म्हणजे रक्तातलं मुक्त टी४, थोडं खाली येणारच. ते बघून पुन्हा टी४ वाढवू नका. तीन महिन्यांत फरक नसेल तर जोड बंद करायची, ‘अजून थोडं बघू’ नाही.

डुकराच्या थायरॉइड ग्रंथीच्या पुडीपासून बनवलेल्या गोळ्यांबद्दल एवढंच: त्यांत टी४ आणि टी३चं प्रमाण साधारण चारास एक असतं. माणसाची ग्रंथी याच्या कितीतरी पट जास्त टी४ बनवते. ‘नैसर्गिक’ हा शब्द डुकराच्या बाबतीत खरा आहे.

नकळत कंपनी बदलणं

फार्मसीत ‘ती नाही, ही घ्या, सेमच आहे’ म्हणतात आणि आपण घेतो. औषध तेच असतं, पण भरणद्रव्यं वेगळी असतात. एवढ्याने काय होतं ते फ्रान्सला विचारा. तिथे औषध नियामकाच्याच सांगण्यावरून, गोळीची ताकद टिकून राहावी या चांगल्या हेतूने, मार्च २०१७ मध्ये लिव्होथायरॉक्स या टी४च्या गोळीचं सूत्र बदललं गेलं. लॅक्टोजच्या जागी मॅनिटॉल आणि सायट्रिक आम्ल आलं. ही गोळी घेणारे होते काही लाख नव्हे, वीस-तीस लाख. थकवा, चक्कर, केसगळतीच्या हजारो तक्रारी आल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि ऑक्टोबरमध्ये जुन्या सूत्राची गोळी जर्मनीतून तात्पुरती आणावी लागली. नवी गोळी सरासरीत जुनीच्या बरोबरीची होती, हे चाचणीत दिसलं होतं. पण सरासरी बरोबर म्हणजे तुमच्या शरीरातही बरोबर, असं नसतं. ज्यांना थोडं जास्त किंवा थोडं कमी शोषलं जातं, ते सरासरीत दिसत नाहीत.

म्हणून नवं काही लावून बघताना बाटलीचा फोटो काढून ठेवा, आणि कंपनी बदलणं भागच पडलं तर सहा आठवड्यांनी टीएसएच करा. नवी मात्रा आणि नवी कंपनी एकाच दिवशी सुरू करणाऱ्याला दोहोंतल्या कशाचा परिणाम झाला ते कधीच कळणार नाही.

पोदेर आणि गोळी

सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की चहा-पाव. मधेच कुठेतरी गोळी. दूध, कॉफी आणि सोया शोषण कमी करतात, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांना तर चार तासांचं अंतर हवं. पहिल्यांदा जाग येईल तेव्हाच, अंथरुणाजवळच्या पाण्यासोबत गोळी घेऊन टाकावी. मग किमान अर्धा तास, जमल्यास तास, काही नको. रात्री झोपताना घेतली तरी शोषण चांगलं होतं, पण जेवणानंतर तीन तास गेलेले हवेत. आपल्याकडे जेवण साडेनऊ-दहाला होतं, म्हणजे गोळी मध्यरात्री. हे जमणार नाही, मनाची समजूत घालू नका.

पावसाळ्यात बाटलीचं झाकण सैल राहिलं की गोळ्या दमट होतात. स्वयंपाकघर, बाथरूम आणि फ्रिजचं दार या तिन्ही जागा वाईट. झोपायच्या खोलीतलं कोरडं कपाट बरं. बाटलीतली सिलिकाची पुडी फेकू नका, आणि महिन्याभराच्या गोळ्या प्लास्टिकच्या डबीत काढून ठेवू नका.

केसांच्या गोळ्या

केस गळतात म्हणून बायोटिन घेतात, बहुधा ५ ते १० मिलिग्रॅमचं. अनेक लॅबच्या तपासणीत बायोटिन वापरलेलं असतं आणि तुमचं बायोटिन त्यात लुडबुड करतं. टीएसएच खोटं कमी, टी४-टी३ खोटे जास्त. रिपोर्ट बघितला तर मात्रा जास्त झालीय असंच वाटतं, डॉक्टर कमी करतात आणि थकवा वाढतो. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बंद ठेवा, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा. ‘ते औषध नाही, व्हिटॅमिन आहे’ हे उत्तर नको.

थोडक्यात आणखी काही

रक्ताल्पता, बी१२, ड जीवनसत्त्व, झोपेतले श्वासाचे अडथळे आणि नैराश्य तपासल्याशिवाय दोष थायरॉइडला देऊ नका. मासे खाता म्हणून बी१२ ठीकच असणार असं नाही.

साठी उलटलेल्यांनी, हृदयाची अनियमित धडधड किंवा हाडं ठिसूळ असलेल्यांनी टी३चे प्रयोग करू नयेत.

गरोदर असाल किंवा ठरवत असाल, तर जोडगोळी नको. फक्त टी४, आणि तेही मात्रा वाढवून, चाचणी पॉझिटिव्ह आली त्याच आठवड्यात डॉक्टरांना विचारून.

टी४ची एक गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या तरी चालतं. टी३ची चुकली तर सोडून द्या.

सकाळी उठल्यावर आधी नाडी मोजा आणि वहीत लिहा. आठवड्यातून एकदा वजन. बाकी लक्षणांची डायरी उगाच लांबवू नका, नाहीतर रोज नवं लक्षण सापडेल. नाडी पूर्वीपेक्षा सतत पंधरा-वीसने वर राहिली तर पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना फोन.

औषधचाचणीत नाव घालताना

कुणी ‘नवं हार्मोन, फुकट मिळेल’ म्हणालं तर आधी सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया) क्रमांक मागा. १५ जून २००९ पासून भारतात चाचण्यांची ही नोंदणी बंधनकारक आहे, आणि तो क्रमांक संकेतस्थळावर कुणीही तपासू शकतो. नीतिमत्ता समितीची मंजुरी कुठली ते विचारा. संमतीपत्र घरी नेऊन वाचा, मराठीत किंवा कोंकणीत मागा, तो तुमचा हक्क आहे. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार त्यांच्या खर्चाने होतात, २०१९ च्या नियमांत हे लिहिलेलं आहे. चाचणीच्या औषधाचे पैसे मागणाऱ्याकडून उठून यावं.

आणि एकदा आत गेलात की बाहेरचं काही लपवू नका. बायोटिन, कॅल्शियम, भावाने आणलेली गोळी, सगळं सांगा. संशोधकांना न सांगता घरून टी३ घेणारा एक जण अख्ख्या चाचणीचा आकडा बिघडवतो, आणि मग तुमच्यासारख्याच दुसऱ्या कुणाला ते औषध मिळत नाही किंवा नको असताना मिळतं.