गरोदरपणात फ्लूची लस घ्यायची का? आधी कॅलेंडर काढा

पाचवा-सहावा महिना लागतो, लोहाच्या कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतात, धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असतं आणि मग कोणीतरी मैत्रीण विचारते, फ्लूचं घेतलंस का गं? तिथून घरात चर्चा सुरू. आई म्हणते आमच्या वेळी असलं काही नव्हतं, सासूबाई म्हणतात पोटात बाळ असताना कशाला उगाच टोचून घ्यायचं, नवरा रात्री मोबाईलवर शोधत बसतो आणि आपल्यापेक्षा तोच जास्त घाबरतो.

माझ्या पहिल्या वेळी मला हे कोणी विचारलंच नाही. जूनच्या शेवटी बाळंत झाले, ऑगस्टमध्ये घरात एकेक करून सगळ्यांना सर्दीताप झाला आणि सात आठवड्यांच्या बाळाला पण झाला. चार दिवस ते ऑक्सिजनवर होतं. लहान बाळांच्या डॉक्टरांनी विचारलं, गरोदरपणात फ्लूची लस घेतली होती का, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की अशी काही लस असते. दुसऱ्या वेळी मी सगळं नीट विचारून घेतली. तेच इथे लिहितेय, म्हणजे तुम्हाला डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं ते माहीत असेल.

सगळ्यात आधी ही लस कोणासाठी आहे ते समजून घ्या, कारण त्यावर अर्धा निर्णय होतो. आपल्याला वाटतं मला कुठे एवढी सर्दी होते, मी घरीच तर असते. पण गरोदरपणात शरीराची प्रतिकाराची पद्धत बदललेली असते, हृदयावर जास्तीचं काम असतं, पोट वर सरकलं की फुप्फुसांना जागा कमी पडते, म्हणून साधा वाटणारा फ्लू न्यूमोनियापर्यंत जायची भीती गरोदर बाईला जास्त. पुण्यातल्या लोकांना २००९ चा स्वाईन फ्लू आठवत असेल, देशातला पहिला मृत्यू पुण्यातच झाला होता, मास्क बांधून तपासणीसाठी लागलेल्या रांगा, बंद शाळा. तेव्हा जगभरात गरोदर बायकांना जास्त त्रास झाला आणि म्हणूनच २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने फ्लूच्या लसीसाठी गरोदर स्त्रियांना सगळ्यात वरचं प्राधान्य द्यायला सांगितलं.

आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही. त्या सहा महिन्यांत त्याच्याकडे जे काही संरक्षण असेल ते तुमच्याकडूनच जातं, वारेतून आणि नंतर थोडंफार दुधातून. बांगलादेशात गरोदर बायकांना ही लस देऊन २००८ मध्ये एक अभ्यास छापून आला, त्यात त्यांच्या बाळांमध्ये तपासणीत सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी दिसला. म्हणजे शंभर टक्के हमी नाही, पण एवढ्याशा जिवासाठी ते खूप आहे.

आता कॅलेंडर काढा. आपल्याकडे फ्लू दोनदा जोर करतो, एकदा पावसाळ्यात साधारण जुलै ते सप्टेंबर आणि एकदा जानेवारी ते मार्च. महाराष्ट्रात पावसाळ्यातली लाट मोठी असते. तुमची तारीख त्यात कुठे बसते ते बघा.

तारीख ऑगस्टच्या आसपासची असेल तर बाळ भर लाटेत जन्माला येणार. अशा वेळी मे महिन्यात तुम्हाला सातवा लागलेला असतो, पावसाळ्यासाठीची नवीन लस पण साधारण एप्रिल-मेमध्ये बाजारात येते, तेव्हाच घेऊन टाका. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून नववा संपत आल्यावर धावपळ करून घेतली तर बाळापर्यंत पोचायला वेळच कमी मिळतो (तरी अजिबात न घेण्यापेक्षा बरी, ते डॉक्टर सांगतील).

तारीख डिसेंबर-जानेवारीची असेल तर जुलैमध्ये तुमचा चौथा-पाचवा महिना, म्हणजे पावसाळ्यात धोका तुम्हालाच आणि नंतर हिवाळ्याच्या लाटेत तान्हं बाळ. इथे वेळेवरून डॉक्टरांची मतं वेगवेगळी ऐकायला मिळतात आणि त्यात गोंधळून जाऊ नका. जागतिक आरोग्य संघटना म्हणते कुठल्याही महिन्यात चालते. आपल्याकडच्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना फॉग्सी साधारण २६ व्या आठवड्यापासून घ्या म्हणते, साथ असेल तर आधी पण. बरेच डॉक्टर तीन महिने होऊ देतात आणि मग देतात. त्यामुळे सरळ विचारा, "डॉक्टर, पावसाळा आत्ता आहे, मी २६ आठवड्यांची वाट बघू की आत्ताच घेऊ?" दमा, शुगर, बीपी, थायरॉईड असं काही असेल तर तेही तेव्हाच सांगा, कारण दमा-शुगर असेल तर थांबण्यात अर्थ कमी असतो.

तारीख एप्रिलची असेल तर पावसाळ्यात जेमतेम दिवस राहिलेले असतात आणि उलट्यांनीच हैराण असतो. तीन महिने झाले की ऑक्टोबरच्या सुमाराला विषय काढा, जानेवारीच्या लाटेआधी होऊन जाईल.

आपल्याकडची एक खास अडचण सांगते. पहिल्या बाळंतपणाला सातव्यात माहेरी जायचं, आणि लसीची वेळ नेमकी तीच. इकडचे डॉक्टर समजतात तिकडे देतील, तिकडचे समजतात आधीच झाली असेल, आणि डोहाळजेवणाच्या गडबडीत कोणाच्याच लक्षात राहत नाही. माझ्या ओळखीतल्या दोघींची अशीच राहून गेली. म्हणून माहेरी जायच्या आधीच्या व्हिजिटलाच विषय काढायचा, घेतली तर तारीख आणि लसीचं नाव माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यायचं आणि नाही घेतली तर तिकडच्या पहिल्या व्हिजिटला पहिला प्रश्न हाच.

कुठे मिळते? केंद्राच्या नेहमीच्या मोफत लसीकरणात ही नाही, म्हणून बऱ्याच जणींना वाटतं फक्त पैसेवाल्यांसाठी आहे. पण महाराष्ट्र सरकारने २०१५ च्या स्वाईन फ्लूच्या साथीनंतर चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायकांना सरकारी दवाखान्यात ही लस मोफत द्यायला सुरुवात केली होती, इच्छा असेल त्यांना. साठा सगळीकडे सारखा नसतो, तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना आधी फोन करून विचारा. खाजगीत साधारण दीड ते अडीच हजारांपर्यंत जाते. मेडिकलमधून स्वतः आणायची असेल तर बर्फाच्या पिशवीतच आणा, ती २ ते ८ डिग्रीतच राहायला लागते, मे महिन्याच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत ठेवून आणलेली लस घेऊ नका. आणि टोचायच्या आधी बॉक्स बघायला मागा, त्यावर कुठल्या वर्षाची, कुठल्या सीझनची ते असतं. विषाणू बदलत राहतो म्हणून लस पण बदलते, मागच्या बाळंतपणात किंवा मागच्या वर्षी घेतलेली या वेळी मोजायची नाही. लस तीन प्रकारच्या फ्लू विषाणूंवरची की चार प्रकारच्या यावर डोकं शिणवू नका, चौथा जो विषाणू होता तो २०२० नंतर कुठे सापडलाच नाहीये.

एक गोष्ट मात्र पक्की बघायची. दंडात टोचायची लस ही मेलेल्या विषाणूची असते, तिने फ्लू होऊ शकत नाही, गरोदरपणात तीच घ्यायची. नाकात फवारायची जी असते ती जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची, ती गरोदरपणात घेत नाहीत.

आता भीती. गर्भपात होईल का हा प्रश्न मीही विचारला होता, त्यात लाजण्यासारखं काही नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये एका अभ्यासात सुरुवातीच्या महिन्यांत लस घेतलेल्या काही बायकांत असा संबंध दिसला होता आणि ती बातमी अजून फॉरवर्ड होत फिरते, पण नंतर तिथेच त्याहून मोठा अभ्यास झाला त्यात तो संबंध दिसला नाही, ही दुसरी बातमी मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही. तरी पहिल्या तीन महिन्यांत मन धजत नसेल तर चौथा लागल्यावर घ्या, मनावर ओझं घेऊन बसू नका.

मला स्वतःला दंड दोन दिवस दुखला, रात्री थोडी कणकण आली, डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घेतली आणि सकाळी ठीक. घेतल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं, लगेच निघायचं नाही. कोणी थांबायचं तर, आधी फ्लूच्या लसीची मोठी ॲलर्जी आली असेल तर, लसीनंतर सहा आठवड्यांत हातपाय लुळे पडायचा तो जीबीएसचा आजार झाला असेल तर, किंवा आत्ता चांगलाच ताप असेल तर. हे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय टोचून घेऊ नका. अंड्याची ॲलर्जी असेल तरी सांगा, त्यामुळे लस नाकारलीच जाते असं नाही.

लस घेतली असो वा नसो, गरोदरपणात ताप-खोकला-अंगदुखी एकदम आली तर काढा पिऊन तीन दिवस वाट बघत बसू नका. फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी, त्यामुळे त्याच दिवशी फोन करा. दम लागतोय, छातीत दुखतंय, बाळाची हालचाल कमी वाटतेय तर फोन पण नको, सरळ दवाखाना.

घरात बाळाला जे सारखं घेणार आहेत, म्हणजे नवरा, आजी-आजोबा, मावशी, त्यांनीही घेतली तर उत्तम. आमच्याकडे दुसऱ्या वेळी माझ्या सासूबाई स्वतः माझ्याबरोबर आल्या आणि दोघींनी एकाच दिवशी घेतली.

आणि बाळाच्या कार्डावर दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या पेंटा लसीत "इन्फ्लुएन्झा" असा शब्द वाचून फ्लूची झाली असं समजू नका, ते हिब नावाच्या वेगळ्याच जंतूविरुद्ध असतं. फ्लूची बाळाला सहा महिने पूर्ण झाल्यावर, आणि पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस.